एकाच कानातली गिटार

काळजी करणं हा आमच्या घरचा कुलधर्म होता. दुसऱ्यांच्या घरी गोंधळ घालतात, बोडण भरतात, आमच्याकडे काळजी करत. अम्मा, म्हणजे माझी आई, सकाळी उठल्यावर कॉफीचं डिकॉक्शन गाळायला लावायची आणि ते थेंबथेंब उतरेपर्यंत आज कशाची काळजी करायची ते ठरवायची. गॅसचा पाइप, माझी परीक्षा, कुंभकोणमच्या मावशीचे गुडघे, काही ना काही सापडायचंच. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण मी पुण्याला लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा ऐकली आणि मला वाटलं, अगंबाई, ही तर आमच्या अम्मावरच रचली आहे! सासूबाईंना मी तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आईवर कशाला, तुझ्यावरच आहे.” खोटं कशाला सांगू, बरोबरच बोलल्या त्या.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून आमची मराठी कुठल्या कुठे जाऊन बसली आहे. नवरा अजून हसतो. एकदा मी भाजीवाल्याला ‘नक्को’ म्हटलं तर तो भाजीवालाही हसला. त्यामुळे इथे मी पुण्याच्या भाषेत लिहिते आहे, पण अप्पा-अम्मा बोलायला लागले की थोडं आमचं येणार. तेवढं चालवून घ्या. लोक आठवणी साठीनंतर लिहितात, माझा तर चाळिशीचा चष्मा नुकता जुना झाला आहे. पण परवा माझ्या मुलानं गेम खेळताना कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि मी तो उचलून आधी त्याच्यावरचं एल आणि आर बघितलं. तो म्हणाला, “आई, तू दर वेळी हे काय बघतेस?” त्याला सांगायला बसले आणि लक्षात आलं, ही गोष्ट दोन मिनिटांत सांगून होणारी नाही.

मद्रासला वेस्ट मांबलममध्ये आमचं भाड्याचं घर. खाली आम्ही, वर घराच्या मालकीणबाई. त्यांना सगळी गल्ली मामी म्हणायची, म्हणून आम्हीही. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, मागे कपडे धुवायचा दगड. स्टेशन इतकं जवळ की गाडी आली-गेली घरात कळायची. आणि ती आमच्यासाठी नुसती गाडी नव्हती, कारण माझे अप्पा त्याच लोकल गाड्यांवर मोटरमन होते. बीच स्टेशनपासून तांबरमपर्यंत, कधी पुढे चेंगलपट्टूपर्यंत, माणसांनी भरलेली गाडी ते न्यायचे आणि आणायचे. भोंगा ऐकू आला की अम्मा फोडणीवरचा हात क्षणभर थांबवायची. भोंगे सगळे सारखेच, त्यातून तिला काय कळायचं कोण जाणे. पण थांबायची, आणि मग मोहरी टाकायची.

ड्यूटीवरून आले की अप्पांना वायरींचं वेड. घरात जे जे वाजतं ते ते एकमेकांना जोडलेलं असलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. टीव्हीचा आवाज टीव्हीतून ऐकायचा नाही, तो जुन्या अँप्लिफायरमधून दोन मोठ्या स्पीकरमध्ये. डीव्हीडी त्याच अँप्लिफायरला. अम्माला पहाटे भजनं लागत म्हणून स्वयंपाकघरात छोटा स्पीकर, त्याची वायर दारावरच्या तोरणामागून नेलेली. आणि या सगळ्यांच्या मध्ये अप्पांनी स्वतः केलेली एक लाकडी पेटी, तिच्यावर बटणं, बटणांखाली त्यांच्या सुबक अक्षरात नावं. पाहुणे आले की देवघराच्या आधी ही पेटी दाखवली जायची. शोकेसच्या मागे वायरींचा जो गुंता होता त्याला अम्मा ‘जटा’ म्हणायची. झाडताना तिथे केरसुणी गेली की अप्पा हॉलमधून ओरडायचे, “जटेला हात लावू नक्को गे!” आणि अम्मा म्हणायची, “तुम्हीच विंचरा मग एकदा!”

त्यात माझा मामेभाऊ सेतू परदेशी नोकरीला निघाला आणि जाताना त्यानं त्याचा व्हिडिओ गेम आणि त्याची इलेक्ट्रिक गिटार आमच्याकडे ठेवून दिली. गेम मला हवा होता. गिटार मात्र मला हवी आहे हे ती हातात येईपर्यंत मला माहीतच नव्हतं. काळीभोर, जड, आणि नुसती वाजवली तर कपड्यांची तार छेडल्यासारखा क्षीण आवाज. अप्पांचे डोळे मात्र असे लकाकले की सेतूला वाटलं त्यांनाच वाजवायची आहे. त्यांना वाजवायची नव्हती, जोडायची होती. त्याच रविवारी त्यांनी कुठून तरी जाड पिनेची वायर आणली, पेटीला नवं भोक पाडलं, गेम आणि गिटार दोन्ही अँप्लिफायरला लावले, आणि मला म्हणाले, “वाजव.” मी एकच तार छेडली. शोकेसमधल्या बाहुल्या हलल्या. वरून मामींनी काहीतरी जड वस्तू जमिनीवर आपटली आणि पाठोपाठ जिन्यावरून त्यांचा आवाज आला, घरावर वीज पडली का काय म्हणून!

मामींपेक्षा मोठी अडचण अम्माची होती. गिटारच्या तारांना हात लावला की बोटांना किंचित मुंग्या यायच्या. अप्पा म्हणाले, अर्थिंगचा दोष आहे, मी बघतो, आणि त्यांनी तो काढलाही. पण अम्माचा विश्वास बसेना. वीज आणि मुलगी यांच्यामध्ये रबर पाहिजे, एवढं तिला कुठून तरी ठाऊक होतं. आता आमच्या घरात चप्पल घालून फिरणं म्हणजे महापाप. तिनं काय करावं? रंगनाथन स्ट्रीटवरून कोरी रबरी चप्पल आणली, हळदीच्या पाण्यानं धुतली, आणि ती शोकेसखाली ठेवून दिली. ती चप्पल कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही. मी गिटार घेतली की आधी चप्पल घालायची, मग वायर लावायची. माझ्या मैत्रिणी पोट धरून हसायच्या. मी आजही विजेच्या कुठल्याही वस्तूला अनवाणी हात लावत नाही, हसा खुशाल.

त्या उन्हाळ्यात मात्र अम्माला नेहमीच्या काळज्यांपेक्षा मोठी काळजी लागली होती, आणि ती तिनं डिकॉक्शन गाळताना ठरवलेली नव्हती. एका दुपारी आम्ही दोघी चिंच कोळत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, “अप्पांना माझा राग आलाय.” मी म्हटलं, कशावरून? “स्कूटरवर मी बोलते, ते उत्तरच देत नाहीत.” त्या दोघांची एक पद्धत होती. अप्पांना सुट्टी असेल त्या संध्याकाळी ते स्कूटरवरून भाजी आणायला, देवळात, कधी पाँडी बाजारला नुसतंच भटकायला जायचे, आणि घरात जे बोलता येत नाही ते सगळं अम्मा त्या स्कूटरवर बोलायची. घरात आजूबाजूला माणसं, वर मामी, मध्ये मी. स्कूटरवर त्यांचं त्यांचं राज्य. अम्मा साडीवाली, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसणार, एक हात अप्पांच्या खांद्यावर, आणि तोंड त्यांच्या कानाशी. लग्न झाल्यापासून ही रीत. “आधी हूं तरी म्हणायचे,” ती म्हणाली, “आता दगडाशी बोलल्यासारखं. काल विचारलं, माझं काही चुकलं काय? त्यालाही उत्तर नाही. सिग्नलला थांबलो, मान वळवून म्हणतात, आज गर्दी फार!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चिंचेच्या हातानं पुसता येईना, म्हणून तिनं खांद्यानं पुसलं.

मला धडकी भरली. आईबापांमध्ये काहीतरी बिनसलं आहे, ही गोष्ट त्या कॉलेजच्या वयातसुद्धा कुणाला सांगता येत नाही. मी अप्पांवर पाळत ठेवायला लागले, आणि पाळत ठेवणाऱ्याला काय, सगळंच संशयास्पद दिसतं. जेवताना अप्पांनी आपली पानाची जागा बदलली होती. आधी अम्माच्या उजव्या हाताला बसायचे, आता समोरच्या भिंतीशी. अम्मा म्हणायची, बघ, माझ्या शेजारी बसणंही नको झालंय. मोबाइल ते आता दुसऱ्या हातात धरायचे आणि बोलता बोलता अंगणात जायचे. शुक्रवारच्या भजनाला हार्मोनियमच्या या बाजूला बसणारे अप्पा त्या बाजूला जाऊन बसले. रसम हवं का, असं अम्मानं विचारलं की एकदा हो म्हणायचे आणि एकदा गप्प. आणि माझ्याबरोबर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळताना, वाहनं चालवण्यात इतके पटाईत असूनही, डावीकडून येणारी गाडी त्यांच्यावर आदळेपर्यंत त्यांना कळायची नाही. मी म्हणायचे, “अप्पा, आवाज आला नाही?” ते हसायचे. “लोकलला ओव्हरटेक कोण करतंय गे? सवय नाही.” मी हे सगळं मनातल्या मनात जोडत होते, आणि प्रत्येक गोष्ट मी चुकीच्या ठिकाणी जोडत होते.

वरच्या मामींमुळे शेवटी ठरलं की गिटार हेडफोनवर वाजवायची. म्हणजे मी कानात ऐकणार, बाकी जगाला फक्त ती कपड्यांच्या तारेची टिकटिक. सेतूच्या गेमबरोबर मोठे गादीवाले हेडफोन आलेच होते. आता गिटारची पिन जाड, हेडफोनची बारीक, आणि मधे आवाज वाढवणारी छोटी डबी हवी. विकत मिळत असणार, पण विकत आणलं तर अप्पा कसले! रिची स्ट्रीटवरून सुटे भाग आले, रविवारी सकाळी हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरलं गेलं, आणि सोल्डरचा तो कडवट धूर अम्माच्या सांबाराच्या वासात मिसळला. आमच्या लोकांना सांबाराचा फार अभिमान, सांबार म्हणे तंजावरच्या आमच्या मराठी राजांच्याच वाड्यातून निघालं आणि साऱ्या मद्रासभर झालं. त्या रविवारी छोट्या कांद्यांचं सांबार होतं आणि डांगर पच्चडी, म्हणजे दही घातलेलं उडदाचं डांगर. मला हे इतकं आठवतं, कारण ते जेवण आम्ही कुणीच जेवलो नाही.

डबी तयार झाली. मी चप्पल घातली, हेडफोन लावला, तार छेडली. आवाज आला, स्वच्छ, पण एकाच कानात, डाव्या. उजवा कान रिकामा. मी तसं सांगितलं. आज मला ठाऊक आहे की यात काहीच विशेष नव्हतं. गिटारचा आवाज एकाच वाटेनं येतो, हेडफोनला दोन वाटा लागतात, आणि मध्ये एक छोटी तार जोडली नाही तर दुसरी वाट कोरडीच राहते. कुणीही करेल अशी चूक. अप्पा म्हणाले, “बघू,” आणि हेडफोन आपल्या डोक्यावर चढवला. मी तार छेडली. त्यांनी भुवया उंचावल्या, वाजव अशी खूण केली. मी पुन्हा छेडली. “वाजेना की गे.” मी जोरात छेडली. “अगदीच वाजेना. वायर सुटली असणार.”

पुन्हा इस्त्रीसारखी ती तापलेली सळई, पुन्हा धूर, पुन्हा चष्मा कपाळावर. मी लावून बघितलं, डाव्या कानात वाजत होतं. त्यांनी लावलं, वाजत नव्हतं. “अप्पा, येतंय हो आवाज!” “मग मी काय खोटं बोलतो?” ते चिडले. अप्पा चिडत नसत. पिन बदलली, डबीतली बॅटरी बदलली, वायर अर्धी कापून नव्यानं सोलली. दर वेळी माझ्या कानात ती गिटार हटकून वाजे आणि त्यांच्या कानात गेली की मुकी होई. मला रडू यायला लागलं. मी त्यांची चेष्टा करते आहे असं त्यांना वाटत होतं, आणि ते आम्हा दोघींवर कशानं तरी रागावले आहेत, हे तर मला आधीच ठाऊक होतं.

आवाज ऐकून अम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. “काय चाललंय? सांबार आटलं. द्या इकडे.” तिनं आयुष्यात कधी हेडफोन लावला नव्हता. लावला. मी तार छेडली. “येतंय की!” ती म्हणाली, आणि डाव्या कानावर बोट ठेवलं. “इकडे येतंय.” मग अप्पांकडे वळून, लहान मुलाला टोपी घालावी तसा तिनं तो हेडफोन स्वतःच्या हातांनी त्यांच्या डोक्यावर बसवला. वायरींमधलं तिला काय कळतंय? वायर मागे लोंबत होती, हेडफोन उलटा बसला होता. मी छेडलं.

अप्पांचा चेहरा उजळला. “आलं! आलं गे! काय केलंस तू?” ते अम्माला म्हणत होते आणि हसत होते, कित्येक महिन्यांनी असे हसत होते. “मी सकाळपासून झगडतोय, आणि ही येऊन हात लावते काय, कनेक्शन लागतं काय!” अम्माही हसली. लाजलीसुद्धा. मला मात्र त्यांच्या उजव्या कानावरच्या गादीवर पांढरं एल अक्षर दिसत होतं. मी वाजवायची थांबले. अप्पा म्हणाले, “थांबलीस का?” मी नुसती त्यांच्या कानाकडे बघत राहिले. मग त्यांनी हेडफोन काढला, हातात फिरवला, दोन्ही अक्षरं पाहिली. सरळ करून लावला. माझ्याकडे बघून मान हलवली, वाजव. मी वाजवलं. पुन्हा उलटा लावला. वाजव. मी वाजवलं. त्यांनी तो काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि बराच वेळ बोटानं डावा कान चोळत बसले, जणू तिथे काही चिकटलं आहे.

“पोंगलच्या वेळचा ताप,” ते शेवटी म्हणाले. “त्यानंतर कान जड वाटायचा. मला वाटलं, अभ्यंगाचं तेल गेलं असेल. लसणाचं तेल घातलं, शेक दिला. जड आहे, असंच वाटायचं. संपलाच आहे, असं नाही वाटलं.” माणूस किती सहज स्वतःला सांभाळून घेतो! नकळत मान वळवतो, जागा बदलतो, फोन या हातातून त्या हातात घेतो, आणि त्याला स्वतःलाच पत्ता लागत नाही. अम्मा त्यांच्यासमोर येऊन बसली. तिच्या तोंडावर आधी काय आलं असेल, तर आनंद आला. खरंच सांगते, आनंद! “म्हणजे स्कूटरवर तुम्हाला मी ऐकूच येत नव्हते?” अप्पा म्हणाले, “तू बोलत होतीस? मला वाटलं, तूच गप्प असतेस. मला वाटलं, तुलाच माझा राग आलाय.” अम्मानं पदर तोंडाला लावला. आणि तो आनंद अर्ध्यावर असतानाच स्टेशनकडून भोंगा वाजला, आणि आम्हा तिघांनाही एकदमच आठवलं की अप्पा काय काम करतात.

लोकल चालवणारा माणूस नुसता डोळ्यांनी चालवत नाही. मागे गार्ड घंटी देतो तेव्हा गाडी सुटते. रुळांवर काम करणारे ओरडतात, चाकांचा आवाज बदलतो, ब्रेकची हवा कुठे गळली तर ती फुसफुसते. अप्पाच मला हे सारं कौतुकानं सांगायचे. रेल्वेची डॉक्टरी तपासणी पुढच्या पावसाळ्यानंतर होती. तोवर कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. कळलं तर गाडीवरून उतरवणार, हेही तिघांना ठाऊक होतं. “एक कान धड आहे,” अप्पा म्हणाले. “घंटी एवढ्या मोठ्यानं वाजते की मेलेला उठून बसेल. काळजी नक्को.” आमच्या घरात काळजी नको म्हणणं म्हणजे मासळीबाजारात वास नको म्हणणं. त्यातून अम्माला दोन्हीकडून आग. गेले तर गाडीभर माणसांची काळजी, उतरवले तर ह्यांची. गाडी सोडून अप्पा म्हणजे कोण, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, अप्पांना तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवर गेले. “जाऊन येतो,” म्हणाले. अम्मा रोज दारापर्यंत जायची, त्या दिवशी स्वयंपाकघरातून ‘हूं’ म्हणाली. तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. प्रत्येक गाडीला जीव टांगणीला. गाडी मांबलमला थांबते तेव्हा एक कुरकुर होते, मग शांतता, मग निघताना चढत जाणारा हुंकार. त्या मधल्या शांततेत अम्मा आणि मी एकमेकींकडे बघायचो. एकदा ती शांतता नेहमीपेक्षा लांबली. मांबलमच्या पुलाचा कंटाळा करून रुळांवरूनच पलीकडे पळणारी माणसं मला दिसायला लागली, कडेवर पोरं, हातात टी. नगरच्या बाजारातल्या पिशव्या. कुणी डावीकडून ओरडलं तर? मी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि स्टेशनच्या जिन्यावरून परत आले. अम्मानं तांदळाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. दोघींनी मिळून तांदूळ निवडले. निवडलेलेच तांदूळ होते.

अप्पा संध्याकाळी आले ते उसनं अवसान आणून. मोठ्यानं बोलत, केळी घेऊन. “बघा, आलो की नाही? काही झालं?” अम्मानं कुकर लावला. मी गेम लावला, कारण काहीतरी करायला हवं होतं. अप्पा शेजारी येऊन बसले, आणि पहिल्याच वळणावर डावीकडची गाडी त्यांच्यावर आदळली. कुणाला हसू आलं नाही. मी म्हटलं, “अप्पा, डोळे मिटा.” का म्हटलं, देव जाणे. त्यांनी मिटले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. “शिट्टी कुठून आली?” मी विचारलं. स्वयंपाकघर त्यांच्या डाव्या हाताला, पाठीमागे. त्यांनी हसत हात केला, सरळ उजवीकडे, रस्त्यावरच्या खिडकीकडे.

“अम्मा,” मी हाक मारली. ती कॉफीचा रिकामा पेला आणि डबरा, म्हणजे त्याखालची खोलगट वाटी, घेऊन दारात उभीच होती, तिनं पाहिलं होतं. ती देवघराच्या कोपऱ्यात गेली आणि पेला डबऱ्यावर वाजवला. अप्पांनी खिडकी दाखवली. ती शोकेसच्या जटेपाशी गेली, वाजवला. खिडकी. ती अगदी त्यांच्या डाव्या खांद्याशी येऊन उभी राहिली, स्कूटरवर असते तेवढ्या अंतरावर, आणि वाजवला. अप्पांचं बोट खिडकीकडेच गेलं. आवाज येत होता, कुठून येतो ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी डोळे उघडले आणि आपलं बोट बघितलं, मग खांद्याशी उभी असलेली अम्मा बघितली. अम्मानं पेला डबऱ्यात ठेवून दिला.

“सरि,” अप्पा म्हणाले. तमिळमध्ये ठीक आहे म्हणतात तसं, एवढंच. मग म्हणाले, “उद्या मी जाऊन सांगतो.” अम्मा म्हणाली, “मी येते बरोबर.” ते म्हणाले, “तू कशाला?” ती म्हणाली, “मी येते.”

त्यांनी जाऊन सांगितलं. आपण होऊन येऊन सांगणारा माणूस डॉक्टरांनाही नवीनच असावा, ते आधी म्हणाले म्हणे, तपासणी अजून लांब आहे, आज का आलात? पुढे तपासण्या झाल्या, डावा कान परत येणार नाही असं निघालं, आणि अप्पांना गाडीवरून उतरवून मोटरमनच्या ड्यूट्या लावतात त्या ऑफिसात बसवलं. रोज सकाळी त्यांचे सोबती त्यांच्यासमोर येऊन सही करायचे आणि गाडीवर जायचे. आता घरी भोंगा ऐकू आला की अम्माऐवजी त्यांचा हात थांबायचा. त्या अख्ख्या पावसाळ्यात आमच्या घरात पेटीची बटणं कुणी दाबली नाहीत, वायरींवर धूळ बसली. मला गिटारकडे बघवत नव्हतं. हिनंच घात केला असं वाटायचं, आणि हिनं केला नसता तर, या विचारानं अंगावर काटा यायचा. एका दुपारी कॉलेजातून आले तर गिटार शोकेसला टेकवून ठेवलेली, शेजारी ती डबी आणि माझी रबरी चप्पल. मी हेडफोन लावून तार छेडली. दोन्ही कान भरून आवाज आला. अप्पांनी मधली ती छोटी तार जोडली होती. ते आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, पान उलटत नव्हते. मी मोठ्यानं म्हटलं, “अप्पा, दोन्हीकडे येतंय!” “सरि,” ते म्हणाले, आणि पान उलटलं.

आणखी एक राहिलं. त्यानंतरच्या एका शनिवारी अम्मा मला म्हणाली, “चल टी. नगरला.” कशाला ते सांगेना. त्या गर्दीत ती साड्यांच्या दुकानांवरून सरळ चालत गेली आणि एका चुडीदारांच्या दुकानात शिरली. मला वाटलं, माझ्यासाठी. तिनं एक करड्या रंगाचा ड्रेस उचलून स्वतःच्या अंगाला लावला. माझी अम्मा! जिनं तापातसुद्धा साडी सोडली नाही, जिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं, सुट्टीला आली असताना माझ्या जीन्सवरून आठवडाभर अबोला धरला होता! दुकानातली मुलगी तमिळमध्ये म्हणाली, “अम्मा, लेकीच्या मापाचा हा नाही.” अम्मा म्हणाली, “लेकीला नको, मला पाहिजे.” घरी येऊन ती तो घालून बाहेर आली तेव्हा लाजेनं तिचा चेहरा लालबुंद झाला होता, ओढणी कशी घ्यायची तेही कळेना. वरून मामी गॅलरीतून डोकावल्या आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच. अप्पा स्कूटर काढत होते. त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्कूटर सुरू केली. अम्मानं आयुष्यात पहिल्यांदा पाय टाकला आणि पुरुषासारखी दोन्हीकडे पाय सोडून बसली. एकदा डगमगली, अप्पांचा शर्ट धरला. मग पुढे झुकून, उजव्या खांद्यावर हनुवटी टेकवून, त्यांच्या उजव्या कानात काहीतरी बोलायला लागली. स्कूटर गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत होते. ती बोलतच होती, आणि अप्पा मान हलवत होते.